वैरणीचे फोन

प्रीतमची गाडी आज संध्याकाळी शेवटची दिसणार होती. तीस सेकंद, टीव्हीवर, आठच्या मालिकेच्या दुसऱ्या ब्रेकमध्ये.

गाडी म्हणजे जाहिरात. दसरा झाल्यावर प्रीतमने स्वतःची पांढरी गाडी विकली आणि ‘कस्तुरा घरघंटी’ची जाहिरात पंधरा दिवसांसाठी टीव्हीवर लावली. तेव्हापासून चऱ्होलीच्या या घरात तिला जाहिरात कोणी म्हणेना. “आली, गाडी आली!” अशी हाक पडायची आणि ज्याच्या हातात जे असेल ते टाकून सगळे हॉलमध्ये धावायचे. तीस-तीस सेकंदांनी गाडी संपत आली होती. प्रीतम मात्र महाळुंग्याच्या शेडवर वहिनीच्या गुलाबी स्कूटीवरून जात होता, आणि हेल्मेटच्या आत आपण ओळखू येत नाही अशी त्याची समजूत होती.

मारुतराव साडेसातपासूनच खुर्चीत येऊन बसले होते. समोरच्या टीपॉयवर शेडची किल्ली ठेवलेली होती. ती त्यांनीच ठेवली होती आणि आता तिच्याकडे बघायचं टाळत होते.

दसऱ्याला याच हॉलमध्ये दोन्ही भावांची जुंपली होती. थोरला गणराज जमिनीच्या व्यवहारातला. त्याचं म्हणणं सरळ होतं: घरघंटीचे दिवस गेले, शेड गोदामाला देऊ, चाकणच्या पट्ट्यात गोदामासाठी लोक मागे लागलेत. धाकटा प्रीतम आठ वर्षं शेड चालवत होता. तो म्हणाला, एकदा टीव्हीवर जाऊ दे. पंधरा दिवसांत फोन खणखणले नाहीत तर किल्ली दादाच्या हातात, मग त्यानं गोदाम करावं नाहीतर तबेला. मारुतरावांनी “ठरलं” म्हणून मान हलवली होती. त्या मानेचा त्यांना आता फार राग येत होता.

पंधरा दिवसांत कंपनीच्या नंबरवर सोळा फोन आले. त्यातल्या चौघींना जाहिरातीतल्या नटीची साडी कुठली ते हवं होतं.

नोकरीतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर मारुतरावांनी पत्र्याच्या शेडमध्ये पहिली घरघंटी बनवली आणि तिला आईचं नाव दिलं, कस्तुरा. बाकीच्या घरघंट्यांना निदान अर्धा किलो धान्य लागतं. ही मूठभरही दळते. आई जात्यावर बसलेली त्यांनी जशी पाहिली होती, तशी त्यांनी ती घडवली होती. हे त्यांनी कधी कोणाला नीट सांगितलं नव्हतं. सांगायला गेलं की ते मोटरच्या ताकदीवरच येऊन थांबायचे.

तेवढ्यात गणराज अंगणातून आत आला. कानाला फोन होता आणि कपाळाला आठ्या होत्या.

“नाही हो! वैरण नाही आमच्याकडे. एकदा सांगितलं ना? गुरंच नाहीत तर वैरण कुठली? रॉंग नंबर!” त्याने फोन सोफ्यावर टाकला. “अण्णा, डोकं उठलंय. दहा दिवस झाले. कुठल्या येड्यानं माझा नंबर वैरणीच्या दुकानावर टाकलाय देव जाणे. सकाळी संगमनेर, दुपारी परभणी. बायकाच जास्त. बायका कधीपासून वैरण घ्यायला लागल्या?”

“दुष्काळ आसंल तिकडं,” मारुतराव म्हणाले.

“कार्तिकात?”

स्वयंपाकघरात विजयश्रीच्या हातातला झारा तेलातच राहिला. ती गणराजची बायको. नवऱ्याची ही तक्रार ती दहा दिवस ऐकत होती, पण दुसरीच काळजी मनात असल्यामुळे तिने कधी कान दिला नव्हता. आज कुठेतरी काहीतरी टोचलं. पण काय टोचलं ते कळायच्या आत धाकट्या जावेने, स्नेहलने, गॅस बारीक केला.

“भजी करपायलेत, ताई.”

“हो.”

दसऱ्यापासून दोघींत एवढंच बोलणं होतं. भजी करपायलेत, दूध उतू जायलंय, पाणी आलंय. स्नेहलचं माहेर काळेवाडीत आणि मूळ लातूरकडचं. रागावली की तिच्या बोलण्यातलं काळेवाडी जायचं आणि नुसतं लातूर उरायचं. शेडचा फोन तीच घ्यायची. थोरली जाऊ नवऱ्याच्या पक्षात आहे, गोदाम झालं की तिचंच भलं, असं तिने ठरवून टाकलं होतं. आणि विजयश्रीने ते कधी खोडलं नव्हतं, कारण खोडायचं तर एक गोष्ट सांगावी लागली असती.

“आली! गाडी आली!” बाहेरून आत्याची हाक आली.

गोजाबाई म्हणजे मारुतरावांची थोरली बहीण, सगळ्यांची आत्या. नवरा गेल्यावर इथेच परतलेली. ती टीव्हीच्या इतक्या जवळ बसली होती की बाकीच्यांना तिच्या अंबाड्यावरून बघावं लागत होतं. मालिकेतली नायिका तीन महिन्यांपासून डोक्याला तीच पट्टी बांधून पडली होती. ती गेली आणि घरघंटी आली. नटी हसली, पीठ उडालं, संगीत वाजलं. मध्येच दोन म्हाताऱ्या हातांनी मशीनच्या तोंडात दाणे सोडले. मनगटाच्या वर काही नव्हतं. मग पुन्हा नटी. संपलं.

“ते हात माजं,” गोजाबाई पंधराव्या दिवशीही न चुकता म्हणाली.

जाहिरातीच्या शूटिंगला ती नवं इरकली लुगडं नेसून महाळुंग्याला गेली होती. तिचं एक वाक्य होतं. तिने ते दिलेल्या कागदावरून न म्हणता स्वतःचंच म्हटलं: “आदी मूठभर वैरण घालावी, तिचा आवाज ऐकावा, मंग बाकीचं.” खांद्याला जॅकेट अडकवलेला दिग्दर्शक म्हणाला होता, “आजी, वैरण म्हणजे चारा ना? ही गिरणी आहे, गोठा नाही.” जात्याच्या तोंडात एका वेळी घालतात त्या मूठभर दाण्यांनाही वैरणच म्हणतात, हे त्या शेडभर माणसांत फक्त बायकांना माहीत होतं, आणि त्यांना कोणी विचारलं नाही. वाक्य गेलं. वाक्याबरोबर आत्याचा चेहराही गेला. भजनी मंडळातल्या बायकांना तिने आठवडाभर आधी सांगून ठेवलं होतं, त्याचं काय करायचं हे तिला कोणी सांगितलं नाही.

प्रीतम उठला. त्याने टीपॉयवरची किल्ली उचलली आणि भावासमोर धरली.

“घे, दादा.”

“बस रे,” गणराज म्हणाला. “दौलतराव येतायत कागद घेऊन. चहा होऊ दे.”

“चहानं काय बदलणारे?”

“काही नाही. पण भजी केलीत ना.”

गणराजने किल्ली घेतली तेव्हा ती त्याला वाटली होती त्यापेक्षा जड लागली. त्याला प्रीतमचं वाईट करायचं नव्हतं. हा आधी बायकोच्या बांगड्या, मग गाडी, असं दरवर्षी एकेक विकत निघाला होता आणि ते त्याला बघवत नव्हतं. पण हे असं तोंडावर सांगायची या घरात पद्धत नव्हती. म्हणून तो दसऱ्यापासून गोदामाच्या भाड्याबद्दल बोलत होता.

दौलतराव चपला काढून आत आले. चाकणला त्यांची तीन गोदामं होती, चौथ्यासाठी महाळुंग्याची शेड हवी होती. काखेत फाईल, तोंडात “रामराम मंडळी”. सोफ्याकडे निघाले, आणि वाटेतच थांबले. ते गोजाबाईकडे बघत होते. बघता बघता त्यांनी फाईल टीपॉयवरच ठेवली आणि हात जोडले.

“आवो... तुमी त्या वैरणवाल्या आत्या न्हाई का?”

“दौलतराव, तुम्हीसुद्धा?” गणराज कळवळून म्हणाला.

गोजाबाईने पदर सावरला. “म्या न्हवं ती,” असं म्हणून तिने चोरून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. दारात विजयश्री झारा घेऊन उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

“न्हवं कसं? आमच्या घरी रोज लावत्यात!” दौलतरावांनी फोन काढला, चष्मा कपाळावर चढवला, बोटाने शोधत राहिले. “हां. हे बघा.”

सगळे त्यांच्याभोवती जमले. फोनमध्ये आधी टीव्हीच दिसला. कोणीतरी टीव्हीवरची जाहिरात फोनने टिपलेली. नटी, पीठ, संगीत, म्हातारे हात. आणि जिथे जाहिरात संपायची तिथे ती संपली नाही. चित्र हललं आणि शेडमधली आत्या दिसली. पूर्ण आत्या, इरकली लुगड्यासकट. ती घरघंटीवर हात ठेवून जॅकेटवाल्याला सांगत होती:

“आरं लेकरा, गाईलाबी वैरण आन् जात्यालाबी वैरण. पोटात घालायचं त्ये वैरण. माजी आई कस्तुरा सांगायची, आदी मूठभर घाल, कान दे. जातं बोलतंय. जड बोललं तर थांब, हलकं बोललं तर घाल. ही मशीन माज्या भावानं केलीया. मूठभर दळती. येकट्या बाईला येक भाकर करायची आसली तर तिनं किलोभर का दळावं? तू येकटा ऱ्हातोस ना? मंग तुलाच पायजे ही.”

फोनमधला जॅकेटवाला हसला. दौलतरावही हसले, जणू पहिल्यांदाच ऐकत होते. मारुतराव हसले नाहीत. ते उठून खिडकीपाशी गेले आणि बराच वेळ बाहेर काही नसताना बाहेर बघत राहिले. त्यांना जे इतक्या वर्षांत सांगता आलं नव्हतं, ते आक्काने एका दमात सांगून टाकलं होतं.

“किती जणांनी बघितलं हे?” प्रीतमने विचारलं.

स्नेहलने तोवर आपल्या फोनवर शोधलं होतं. “नऊ लाख,” ती म्हणाली आणि तिथेच खाली बसली. “मी मेली नुसतं कंपनीचं पान बघत बसले. लोक काय काय लिहायलेत बघा. ‘टीव्हीवर बघितली होती, तेव्हा डोक्यात शिरलं नव्हतं. आत्यांनी सांगितलं तेव्हा कळलं.’ ‘मी सासूला पाठवला, सासूने तिच्या बहिणीला.’ ‘टीव्हीवर येते म्हणजे कंपनी खरी आहे, बहिणीनं व्हिडिओ पाठवला नसता तर लक्षातच राहिली नसती.’ इथं वैरण शब्दावरून भांडण लागलंय, दोनशे माणसं भांडायलीत. एक म्हणतो चारा, एक म्हणतो दाणे. आणि जो भांडतो तो पुढं आणखी चौघांना पाठवतो.” तिने वर पाहिलं. “कुणी टाकला हा? चॅनलचं नाव आहे, विजूचा उंबरा.”

हॉलमध्ये विजू नावाचं एकच माणूस होतं. त्या माणसाच्या झाऱ्यातून फरशीवर तेल ठिबकत होतं.

“मी सांगणार होते,” विजयश्री म्हणाली. “म्हणजे नव्हते सांगणार. आत्याचा चेहरा कापला ना, ते मला फार लागलं. एवढं लुगडं घेतलं, एवढं नटल्या, आणि नुसते हात? माझ्या फोनमध्ये शूटिंग होतं. म्हटलं, माहेरच्या बायका तरी बघतील. चौथ्या दिवशी टाकला. मग आकडा वाढायलाच लागला. मला घामच फुटला. पण ऑर्डर तर एक नाही! म्हटलं, लोक नुसती करमणूक करून घेतायत आपल्या आत्याची. कोणत्या तोंडाने सांगू?”

“आत्या, तुला माहीत होतं?” प्रीतम म्हणाला.

“भजनी मंडळातल्या बायका सांगत हुत्या. विजूनं शपथ घातली हुती. म्या सगळ्यास्नी सांगितलं, ती म्या न्हवं, माज्यावानी दिसती कोनतरी.”

स्नेहल उठली. जावेच्या हातातला झारा तिने काढून घेतला आणि दीड महिन्याचा अबोला विसरून तिच्या गळ्यात पडली. “ताई, तुम्ही लई लबाड आहात की,” ती म्हणाली आणि रडायला लागली. मग विजयश्रीही रडली. दौलतराव अवघडून भजी खाऊ लागले.

“पन येक सांगतो,” ते तोंडातलं संपवून म्हणाले. “ऑर्डर कशी येनार? आमच्या मंडळींनी दोनदा फोन लावला. घ्यायचीच म्हनून बसलीया. पन त्या नंबरावर कोन तिरसट बाबा हाय. ‘वैरणवाले का?’ म्हनलं की म्हनतो, गुरं न्हाईत आमच्याकडं. ती म्हनली, मला गुरं नको, गिरणी पायजे, तवर त्यानं फोन आपटला.”

गणराजने सोफ्यावरचा आपला फोन हळूच उलटा करून ठेवला.

स्नेहल डोळे पुसून पुन्हा व्हिडिओखाली वाचू लागली. “खरंच की. ‘नंबर लावला, काका लई चिडतात.’ ‘काकांना चारा द्या कोणीतरी.’ ‘मी तीनदा लावला, नुसतं काकांचं ऐकायला.’ कुठला नंबर दिलाय ताई तुम्ही?” तिने तो आपल्या फोनवर दाबायला घेतला. सहा आकडे होईस्तोवर फोननेच नाव दाखवलं. स्नेहलने ते वाचलं, पदर तोंडात कोंबला, आणि फोन सासऱ्यांच्या हातात दिला.

मारुतरावांनी लांब धरून वाचलं. “गणराज दादा.”

सोफ्यावरचा उलटा फोन त्याच वेळी वाजायला लागला. परभणीचा असावा किंवा संगमनेरचा. कोणीच हललं नाही. तो वाजून वाजून थांबला.

“विजे!” गणराज म्हणाला.

“मला दुसरा नंबर पाठ नाही हो,” विजयश्री म्हणाली. “खाली नंबर टाका असं आलं. बावीस वर्षं शाळेच्या फॉर्मवर, गॅसच्या, बँकेच्या, दवाखान्याच्या, सगळीकडे तुमचाच लिहिलाय. हात आपोआप तोच लिहितो. मी शेडचाच लिहिला असंच मला वाटत होतं.”

गणराजला रागवायचं होतं. त्याने तशी सुरुवातही केली, छाती भरून घेतली. पण बावीस वर्षांत या बाईने स्वतःचा नंबर तरी कुठे लिहिला होता, असं काहीतरी त्याच्या मनात आलं, आणि भरलेली छाती तशीच रिकामी झाली.

प्रीतम पहिल्यांदा हसला. पंधरा दिवसांत पहिल्यांदा. “दादा, म्हणजे टीव्हीवर गाडी रोज तीस सेकंद पळाली, आणि वहिनींच्या फोनवर दहा दिवस झाले थांबलेलीच नाही.”

“पेट्रोल न घालता,” स्नेहल म्हणाली.

“आज शेवटची म्हनत हुतो आपन,” मारुतराव म्हणाले.

“टीव्हीवरची संपली, अण्णा. ही कुठं संपती? टीव्हीनं तोंडओळख करून दिली, आता लोकच एकमेकांच्या घरी नेऊन सोडायलेत,” स्नेहल म्हणाली.

दौलतरावांनी टीपॉयवरची फाईल उचलून मांडीवर घेतली. “मंग कागदाचं कसं?”

सगळे गणराजकडे बघायला लागले. शब्द दिला गेला होता, किल्ली त्याच्या मुठीत होती, आणि प्रीतम ती परत मागणार नव्हता. मारुतरावही बोलणार नव्हते; दसऱ्याला एकदा मान हलवून त्यांना पुरेसं झालं होतं. गणराजने फोनमधली यादी उघडली. अनोळखी नंबर, अनोळखी नंबर, अनोळखी नंबर. बोटाने वर सारत राहिला तरी संपेना. सव्वाशे तरी असतील, आणि प्रत्येकाला त्याने गुरांची हकिकत ऐकवली होती.

“दौलतराव,” तो म्हणाला, “शेड रिकामी नाही.”

“म्हंजी?”

“म्हणजे काम आलंय तिथं. तुमच्या घरी वहिनींना सांगा, पहिली घरघंटी तुमच्याकडे. मी स्वतः आणून देतो.” मग त्याने किल्ली भावाच्या दिशेने फेकली. प्रीतमला ती धड झेलता आली नाही, ती भज्यांच्या ताटात पडली. “सकाळी लवकर उघड. शेडवरच्या ज्योतीरामला आजच सांग, फिटर लोकांना ओव्हरटाइम लागणार. आणि त्या गुलाबी स्कूटीवरून जाऊ नको, सगळं चाकण हसतं. माझी गाडी ने.”

“आन् तू?” मारुतरावांनी विचारलं.

“मला कुठं जायचंय? मला इथं बसून फोन करायचेत.”

“समद्यास्नी कर,” गोजाबाईने बजावलं. “ज्येला ज्येला वरडलास, त्येला त्येला.”

दौलतरावांनी फाईल काखेत मारली आणि आणखी एक भजं घेतलं. विजयश्री नवऱ्याशेजारी सोफ्याच्या कडेवर टेकली. यादीत सगळ्यात खाली, दहा दिवसांपूर्वीचा पहिला नंबर होता. गणराजने तो दाबला, घसा खाकरला, आणि सगळं घर ऐकतंय हे माहीत असल्यामुळे भिंतीकडे तोंड केलं.

“नमस्कार. तुम्ही फोन केला होता... दहा दिवस झाले त्याला. हो. हो, मीच तो चिडणारा काका.” पलीकडून मोठ्याने हसण्याचा आवाज आला. गणराजने डोळे मिटून तो संपू दिला.

“आहे, ताई,” तो म्हणाला. “वैरण आहे आमच्याकडे.”